आपल्या आधीचे सभासद

स्मरणिका समितीने माझ्याकडे दिलेले काम तसे सोपे होते. सोसायटीच्या पहिल्या पाच वर्षांचा इतिहास लिहायचा, आणि सोबत पहिल्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचे पहिले पान छापायला द्यायचे. बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला जुने दप्तर उघडून टिपण करणे काही अवघड नाही. शिवाय २००८ ते २०१२ मी खजिनदार होतो. तेव्हा कोणते कागद कुठे आहेत हे मला ठाऊक असणारच, असे सगळ्यांनी गृहीत धरले.

ते खरेही आहे. पहिले इतिवृत्त पुस्तक ऑफिसच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. हिरव्या कापडाचा पुठ्ठा शाबूत आहे. त्यावर चिकटवलेल्या कागदावर सोसायटीचे नाव आणि 'सन २००० पासून' ही अक्षरे अजून वाचता येतात. पुठ्ठा उघडला की आत पाने नाहीत. पानांच्या जागी वाळलेल्या मातीचे पापुद्रे आहेत आणि कडेला शिवणीचा दोरा. २०११ साली वाळवीने ते पुस्तक खाल्ले, एवढे बहुतेक जुन्या सभासदांना माहीत आहे. ते का खाल्ले गेले, हे मात्र फारसे कोणाला माहीत नाही. म्हणून त्या पाच वर्षांच्या इतिहासाऐवजी तो ज्यांनी खाल्ला त्यांचाच इतिहास लिहितो आहे. समितीने मान्यता दिली. अध्यक्षांनी फक्त "काका, जरा आटोपशीर लिहा" एवढे सांगितले. बघू, कितपत जमते ते.

आपली ही जमीन बांधकाम सुरू होईपर्यंत शेताची होती. टेकडीच्या पायथ्याची, बांधावर बाभळी, विहिरीशेजारी एक आंबा. आज ए विंगचे दुचाकी पार्किंग आहे तिथे कमरेएवढे वारूळ होते. हे मला आपल्या पहिल्या सेक्रेटरींनी सांगितले. बी-३ मधले काका, पुढे त्यांना नुसते काका म्हणेन. फ्लॅट बुक केल्यापासून ते रोज संध्याकाळी बांधकाम बघायला यायचे, हातात छत्री आणि खिशात वही. पाया खणायची वेळ आली तेव्हा मजुरांनी वारुळाला हात लावायला नकार दिला. शेवटी मुकादमाने नारळ आणि हळदकुंकू आणवले, मजूर बायकांनी पूजा केली, आणि मगच जेसीबी पुढे सरकला. वारूळ फुटले तेव्हा आतल्या पोकळीतून राणी निघाली. बोटाएवढी लांब, पांढरट, फुगलेली, जागची हलू न शकणारी. एका मजुराने ती फावड्यावर घेऊन काकांना दाखवली. "साहेब, आज या जागेचा मूळ मालक बघितला," असे ते मला म्हणाले होते. मी हसलो होतो.

वारूळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंग्या येतात आणि नाग येतो. खरे तर आपल्याकडची ही मोठी मातीची वारुळे बांधते ती वाळवी. नाग तिथे राहायला येतो, बांधत काही नाही. 'आयत्या बिळावर नागोबा' असे आपण म्हणतो आणि नागपंचमीला पूजा मात्र भाडेकरूची करतो, घरमालकाला कोणी विचारत नाही! संस्कृतात वारुळाला वल्मीक म्हणतात आणि वाल्मीकींचे नाव त्यावरूनच आले आहे, हे शाळेत ऐकलेले असते. पण त्या गोष्टीतही तपश्चर्येला बसलेल्या माणसाभोवती गुपचूप घर उभे राहते, त्याला पत्ता लागत नाही. वाळवीची सगळी पद्धत त्या एका गोष्टीत आली.

इंग्रजीत तिला 'व्हाइट अँट', पांढरी मुंगी म्हणायची चाल पडली. पण ती मुंगी नाही. तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या संशोधकांनी २००७ साली डीएनएच्या आधारे दाखवून दिले की वाळवी म्हणजे समाज करून राहणारी झुरळेच. आमच्या सौ.ना हे सांगितल्यावर त्यांचे वाळवीबद्दलचे मत आणखी वाईट झाले. जगात वाळवीच्या सुमारे तीन हजार जाती आहेत आणि त्यांतल्या थोड्याच माणसाच्या घरात शिरतात. बाकीच्या रानात पडलेला पालापाचोळा, मेलेले लाकूड खाऊन त्याची माती करतात. त्या नसत्या तर जंगलात पाय ठेवायला जागा उरली नसती. काही जाती वारुळाच्या पोटात चक्क बुरशीची शेती करतात. माझी सून मालवणची. पावसाळ्यात तिकडे वारुळांवर उगवणारी अळंबी बाजारात येते ती याच शेतीतून वर आलेली, आणि तिच्या भाजीपुढे मटण फिके, असे तिचे म्हणणे आहे. मी खाल्ली आहे. सुनेच्या म्हणण्यात तथ्य आहे.

लिहून ठेवलेल्या इतिहासात या प्राण्याबद्दल चांगले शब्द फार कमी सापडतात. स्वीडनच्या लिनिअस या शास्त्रज्ञाने १७५८ साली प्राणिमात्रांचे वर्गीकरण करताना वाळवीची नोंद पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या, दोन्ही इंडीजवरचे सर्वांत मोठे संकट अशी केली. त्याचाच एक शिष्य कोनिग तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला, तेव्हाच्या डॅनिश वसाहतीत, डॉक्टर म्हणून होता. त्याने आपल्याकडच्या वाळवीचा अभ्यास करून १७७९ साली त्यावर निबंध लिहिला. दोन वर्षांनी स्मिथमन या इंग्रज गृहस्थाने आफ्रिकेतल्या वाळवीवर लंडनच्या रॉयल सोसायटीला सविस्तर लेख पाठवला. म्हणजे इंग्रज, डेन, स्वीडिश सगळे इकडे व्यापाराला आले आणि येताच त्यांच्या वखारीतल्या पेट्या, कापडाचे गठ्ठे आणि हिशेबाच्या वह्या कोणी तरी खायला लागले. अभ्यास सुरू झाला तो बहुधा असाच.

मला सर्वांत लक्षात राहिलेली हकिगत सेंट हेलेना बेटाची. नेपोलियनला जिथे कैदेत ठेवले होते तेच बेट. नेपोलियन १८२१ साली गेला, तोवर तिथे वाळवीचा उपद्रव नव्हता. १८४० च्या सुमारास गुलामांचा व्यापार करणारे एक पकडलेले जहाज तिथे मोडण्यात आले आणि त्याचे लाकूड जेम्सटाऊन गावात रचून ठेवले. त्या लाकडात वाळवी होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिने ते गाव आतून पोखरले. घरांची छपरे, जमिनी, दारे, कशालाच भरवसा उरला नाही आणि गावाचा मोठा भाग नव्याने बांधावा लागला. तिथल्या सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांची गत अशी झाली, की बाहेरून पुठ्ठे जसेच्या तसे आणि आतला मजकूर गायब. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वाचायचे थांबून आपल्या ऑफिसच्या कपाटाकडे बघत बसलो होतो.

आपल्याकडच्या जुन्या माणसांनी या संकटावर औषधापेक्षा बांधणीने मात केली. माझे आजोळ साताऱ्याकडचे. वाड्याचे जोते घडीव दगडाचे, पुरुषभर उंच. सागवानी खांब थेट जमिनीवर कधी उभा केला नाही, प्रत्येकाखाली दगडाचा तळखडा. लहानपणी मला तो शोभेसाठी वाटायचा. खांब ओलीपासून आणि मातीपासून तोडणे हे त्याचे काम. भिंतीत जाणाऱ्या तुळयांच्या टोकांना आजोबा बिब्ब्याचे तेल किंवा डांबर लावून घ्यायचे. पोथ्या लाल फडक्यात बांधलेल्या, आत वेखंडाचा तुकडा, आणि वर्षातून एकदा सगळ्यांना ऊन. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण त्याच झाडाचे बाहेरचे पांढरे लाकूड ती आवडीने खाते, हेही त्यांना पक्के माहीत होते. आज 'सागवानी' म्हणून मिळणाऱ्या चौकटीत गाभा किती आणि पांढरे किती, हे विचारायची सोय नाही.

बँकेतला माझा पहिला धडा १९७९ सालचा. कोकणातल्या एका लहान शाखेत माझी बदली झाली होती. शाखा जुन्या घरात, मागे रेकॉर्ड रूम, पाऊस सुरू झाला की भिंतींना ओल. तिथे एक वयस्कर दफ्तरी होते. दर शनिवारी हिशेब मिळून गेल्यावर ते रेकॉर्ड रूममध्ये जायचे, प्रत्येक जुने लेजर ओढून काढायचे आणि त्यावर हाताची थाप मारायचे. भरीव आवाज आला की परत जागेवर. मी नवा, पदवीधर, थोडा आगाऊ. "मामा, उघडून बघा की, थापा कशाला मारता?" असे मी विचारले. ते म्हणाले, "साहेब, ती वरून दिसत नाय. वरचा कागद ती शेवटाक ठेवता." त्यांची मांडणी मला अजून आठवते. सगळे घोडे भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीवर एकही कागद नाही, आणि रिकामी खोकी दिसली की ती त्याच दिवशी बाहेर. त्या शाखेत मी चार वर्षे होतो. एक व्हाउचरसुद्धा गेले नाही.

हा माणूस आणि त्याची थाप पुढे मी सोयीस्कर विसरलो.

मधल्या काळात औषधांचे युग आले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आल्ड्रिन, डिल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ही रसायने निघाली. आल्ड्रिन आणि डिल्ड्रिन ही नावे आल्डर आणि डील्स या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांवरून पडली. दोघांना १९५० चे नोबेल मिळाले होते, कीटकनाशकासाठी नव्हे, एका रासायनिक प्रक्रियेसाठी. ही औषधे जमिनीत घातली की वर्षानुवर्षे टिकत. पायाच्या मातीत एकदा ओतली की वाळवीचा रस्ता बंद. आपल्याकडे १९७१ साली भारतीय मानक संस्थेने इमारतींच्या वाळवी प्रतिबंधासाठी आयएस ६३१३ हे मानक काढले. त्याचे तीन भाग आहेत: बांधणीतून करायचे उपाय, बांधताना मातीत घालायचे औषध आणि उभ्या इमारतीचा उपचार. आजही निविदेत हाच क्रमांक लिहितात.

पण जो टिकाऊपणा गुण म्हणून विकला गेला तोच दोष निघाला. ही रसायने मातीतून पाण्यात, पाण्यातून माशांत, आणि शेवटी माणसाच्या चरबीत आणि आईच्या दुधात जाऊन बसली. अमेरिकेने १९८८ साली क्लोर्डेन बंद केले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात यांतली बरीचशी गेली, आणि २००१ च्या स्टॉकहोम कराराने ज्या बारा विषांवर जगभर बंदीची सुरुवात केली त्यांत ही चारही होती. मग क्लोरपायरिफॉस आले. आपली इमारत त्या काळातली. बिल्डरने पायात औषध घालून घेतले होते आणि दहा वर्षांच्या हमीचे प्रमाणपत्रही दिले होते. ते मी स्वतः पाहिले आहे. तेही त्याच कपाटात होते.

औषध घातले होते, मग वाळवी आली कशी, हा प्रश्न पुढे पुष्कळ वेळा विचारला गेला. याचे उत्तर माझ्या मते आपल्याकडेच आहे. पायाभोवती औषधाची जी माती असते ती अखंड राहिली तरच उपयोगी. आपण २००४ नंतर तळमजल्यावर दोन ठिकाणी फरशी फोडून ड्रेनेजच्या नळ्या बदलल्या आणि खड्डा साध्या मातीने बुजवला. बी विंगच्या भिंतीला लागून सुंदर फुलझाडांचा वाफा केला आणि त्याची माती जोत्याच्या वर चढवली, रोज पाणी घातले. जिन्याखाली गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि फळ्या रचल्या. डक्टमधला एक पाइप कित्येक महिने ठिबकत होता. वाळवीला ओल, अंधार आणि लाकूड लागते. आपण तिन्हींची सोय केली, आणि आत यायला वाटही फोडून दिली. काँक्रीट ती खात नाही, पण एखाद-दीड मिलिमीटरची फट तिला पुरते.

२००९ च्या जूनमध्ये बी विंगच्या तळमजल्यावरच्या वहिनींनी कमिटीला पत्र दिले. पहिल्या पावसानंतर त्यांच्या बाथरूमच्या चौकटीतून पंखवाले किडे बाहेर पडले होते आणि चौकट बोटाने दाबली तर आत जात होती. सगळ्या इमारतीची पाहणी करावी, असे त्यांनी लिहिले होते. कमिटीने एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडून अंदाजपत्रक घेतले. संपूर्ण जोत्याचा उपचार, ₹६८,०००. लिफ्टचे मोठे काम तोंडावर होते. मी फाइलवर शेरा मारला: 'सदर बाब सदनिकेच्या अंतर्गत दुरुस्तीची असून खर्च संबंधित सभासदाने करावा.' उपविधींचा आधारही दिला. काका तेव्हा कमिटीत नव्हते, पण सभेत उभे राहून म्हणाले, "अहो, ती चौकटीत राहत नाही. ती खाली राहते. खाली सगळ्यांचं आहे." मी उत्तर दिले की खालचे सगळ्यांचे असले तरी चौकट एकाची आहे. लोक हसले. ठराव माझ्या बाजूने झाला.

वहिनींनी मग स्वतः एका माणसाला बोलावून दीड हजारात फवारणी करून घेतली. मातीच्या नळ्या निघाल्या, सहा महिने सगळे शांत. नुसती वरवर फवारणी केली की वाळवी तेवढी जागा सोडते आणि दुसरी वाट धरते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. तिने डक्टची वाट धरली. डक्टच्या पलीकडे जिन्याखालचे ऑफिस, आणि डक्टच्या भिंतीला पाठ टेकून काकांनी घरून आणून दिलेले लाकडी कपाट.

२०११ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली की उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यात एका बँकेच्या शाखेत वाळवीने सुमारे एक कोटी रुपयांच्या नोटा खाल्ल्या. पोलादी पेटीत ठेवलेल्या. मी ती बातमी सकाळी कट्ट्यावर वाचून दाखवली आणि त्या शाखेच्या मॅनेजरबद्दल जे बोलायचे ते बोललो. त्याच जुलैत मानीव अभिहस्तांतरणासाठी बिल्डरशी झालेला जुना पत्रव्यवहार हवा होता म्हणून आपले कपाट उघडले. दार हातात आले. बिजागरीसकट.

काय काय गेले ते सांगतो. २००० ते २००५ चे इतिवृत्त पुस्तक, बिल्डरची पत्रे, औषधाचे ते हमीपत्र, पहिल्या सभासदांचे अर्ज आणि भूमिपूजनाचा अल्बम. सभासदांची 'आय' आणि 'जे' नोंदवही वाचली, कारण ती शेअर सर्टिफिकेटच्या कामासाठी माझ्या घरी स्टीलच्या ट्रंकेत होती. पत्रांच्या नकला गोळा करता करता अभिहस्तांतरणाचे काम पुढे दीड वर्ष रेंगाळले. काकांनी हिरवे पुस्तक हातात घेतले, उघडले, मिटले. मला काहीही बोलले नाहीत. "जे रजिस्टर आहे ना?" एवढेच विचारले. मी हो म्हटल्यावर "मग ठीक," म्हणाले आणि जिना चढून वर गेले. ते बोलले असते तर मला बरे वाटले असते.

उपचार ऑगस्टमध्ये झाला. भिंत आणि फरशी मिळते तिथे दर तीस सेंटिमीटरवर बारा मिलिमीटरचे भोक, प्रत्येकात सुमारे लिटरभर औषध, मग सिमेंटने बंद. या वेळी इमिडाक्लोप्रिड वापरले. काही औषधांचा वाळवीला पत्ता लागतो आणि ती टाळते. याचा तिला पत्ता लागत नाही, ती त्यातून जाते आणि अंगाला लागलेले विष सोबतच्यांना देते. विहिरीच्या बाजूला आम्ही मुद्दाम लांब राहिलो, कारण ते पाणी आपण बागेला घेतो. फुलांचा वाफा भिंतीपासून काढला, यावरही सभेत तासभर वाद झाला. एकूण खर्च, चौकटी धरून, ₹१,४१,०००. ₹६८,००० च्या जागी.

तेव्हापासून दर जूनमध्ये मी टॉर्च घेऊन फिरतो, हे मुलांना माहीत आहे. ती मला 'वाळवीआजोबा' म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमले तर घाबरू नका, ते बहुतेक बाहेरून येतात. दिवे घालवा, खिडक्या लावा. मात्र खिडक्या बंद असताना खोलीतच ढीगभर पंख पडलेले दिसले तर ती घरात आहे असे समजा. मुंगीलाही पंख येतात, पण मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीची कंबर जाड, चारही पंख सारखे आणि लगेच गळणारे. भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली तर झाडूने पुसून मोकळे होऊ नका. मधला बोटभर तुकडा मोडा आणि दोन दिवसांनी बघा. दुरुस्त झालेला असेल तर आत वर्दळ चालू आहे. त्यावर रॉकेल किंवा स्प्रे मारू नका, ती फक्त रस्ता बदलेल आणि शेजाऱ्याकडे जाईल. कमिटीला सांगा. चौकटीच्या खालच्या वीतभर भागावर, सिंकखालच्या ट्रॉलीच्या पाठीवर, भिंतीतल्या कपाटांवर आणि बेडच्या बॉक्सवर महिन्यातून एकदा थाप मारा. पोकळ आवाज कळायला इंजिनिअर लागत नाही. कुरिअरची रिकामी खोकी पलंगाखाली साठवणे तेवढे सोडा. आणि तळमजल्यावर कोणीही फरशी फोडणार असेल तर नवी बसवण्याआधी मातीत औषध घालून घ्या. २०१३ पासून तो खर्च सोसायटी देते. तसा ठराव आहे, तो मीच मांडला होता.

वहिनी आता मुलाकडे बंगळुरूला असतात. स्मरणिका त्यांना पोस्टाने जाणार आहे. वहिनी, २००९ च्या सभेत मी जे बोललो ते चुकीचे होते आणि त्यावर लोक हसले हे त्याहून वाईट झाले. तेव्हाच सांगायला हवे होते.

ज्यांच्याकडे २००० ते २००५ मधली परिपत्रके, पावत्या, फोटो, काहीही असेल त्यांनी ऑफिसात आणून द्यावे, स्कॅन करून परत देऊ. आतापर्यंत तीन परिपत्रके, एक पाण्याच्या टँकरचे बिल आणि कोजागरीचे दोन फोटो आले आहेत. कृपया आणण्याआधी झटकून आणा.

इतिवृत्ताच्या पहिल्या पानाच्या जागी या लेखासोबत जे छापले आहे ते काकांच्या हस्ताक्षरातले आहे, पण मूळ नव्हे. २०११ च्या त्या पावसाळ्यात त्यांनी आठवून आठवून पहिली सभा पुन्हा लिहायला घेतली होती. दोन पाने झाली आणि थांबले. २०१६ साली ते गेले. ती पाने काकूंनी जपून ठेवली होती, गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावून दिली. सभा गच्चीवर झाली, चहा कोणाकडून आला, पाण्याच्या टाकीवरून कोण कोणाला काय म्हणाले, सगळे त्यात आहे. खाली उपस्थितांची यादी आहे आणि तिच्यात सातवे नाव माझे आहे. मी त्या सभेला नव्हतो, माझी बदली तेव्हा नागपूरला होती. पान आहे तसेच छापावे आणि खाली तशी टीप द्यावी, असे मी समितीला सांगितले आहे.